धर्मपित्यानं काय द्यावं

"याहून लहान चमचा नाही का?" त्यानं विचारलं.

चांदीच्या दुकानातल्या माणसानं चमचा मखमलीवर ठेवला. "याहून लहान म्हणजे कान कोरायलाच होईल, साहेब."

तो हसला आणि बाहेर पडला. हे तिसरं दुकान. पहिल्यात फोटोची चौकट बघितली, तिचा मुलामा बोटाला लागत होता. दुसऱ्यात खेळणी होती, चार दिवसांत मोडतील अशी. रविवारी त्याच्या हातात बाळ देणार होते आणि बाळाला द्यायला त्याच्याकडे काहीच नव्हतं.

तो चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायचा. काउंटरवर बसणारी बाई त्याला दादा म्हणायची. तिनं आपल्या मुलीच्या बाप्तिस्म्याला त्यालाच धर्मपिता, म्हणजे बाळाची जबाबदारी घेणारा, व्हायला सांगितलं होतं. पगार बेताचा, माणूस अंथरूण पाहून पाय पसरणारा. पण चाळिशी उलटेपर्यंत त्याला कुणी कुणाचं काही व्हायला सांगितलं नव्हतं.

घरी बाबा खिडकीशी बसून कात्रीला धार लावत होते. सलून बंद करून सहा वर्षं झाली, आईला जाऊन चार. कात्र्यांची देखभाल मात्र चालूच होती.

"मिळालं का काही?"

"आवडतं ते परवडत नाही, परवडतं ते आवडत नाही."

"मग तुझ्या लग्नासारखंच झालं की."

तो चहा ठेवायला उठला. "बाबा, तुम्ही कधी कुणाचे धर्मपिता झालात?"

"एकदा."

"काय दिलंत?"

बाबांनी कात्रीचं पातं उजेडात धरून बघितलं. "तेव्हा खिशात काही नव्हतं. हात हलवत गेलो होतो."

"मला काकांसारखं काहीतरी द्यायचंय."

"हं," बाबा म्हणाले आणि पुन्हा धार लावू लागले.

काका म्हणजे बाबांचे मित्र आणि त्याचे धर्मपिता. लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचे. वर्षातून दोनतीनदा यायचे, तेव्हा आधी त्याला ट्रकच्या चाकाशी उभं करायचे. "अजून टायरच्या खालीच? जेवतोस का नुसता वास घेतोस?" ज्या वर्षी त्याचं डोकं टायरच्या वर गेलं, त्या वर्षी काकांनी इतका हॉर्न वाजवला की सगळी गल्ली बाहेर आली.

काका आले की बाबा आधी त्यांचे केस कापायचे, फुकट. मग जेवणं. काका त्याच्या शेजारी बसायचे आणि स्वतःचं सोडून त्याच्याच ताटाकडे बघत राहायचे. जेवण झालं की बाबा म्हणायचे, "मी जरा पाय मोकळे करून येतो." मग दुपारभर तो आणि काका. डिझेलचा वास, मांडीवर उलगडलेला नकाशा, आणि त्या नकाशावरून फिरणारं काकांचं जाड बोट.

त्याच्या बाप्तिस्म्याला काकांनी पितळी होकायंत्र दिलं होतं. तो चौदा वर्षांचा असताना घाटात ट्रक कोसळला आणि काका गेले. बाबांनी आठवडाभर सलून उघडलं नाही.

होकायंत्र हातात घेऊन बसला असतानाच त्याला सुचलं. काकांनी आपल्या वाटेवरची वस्तू दिली होती. आपण आपल्या हातची द्यावी.

मालकांना विचारून त्यानं जाड काचेचा एक तुकडा घेतला. दुकान सुटल्यावर चार संध्याकाळी तो घासत बसला. पितळी कडं बसवलं, लाकडाची मूठ घासून गुळगुळीत केली.

काउंटरवरच्या बाईनं ते उचलून आपल्या तळहातावर धरलं. "दादा, एवढ्याशा पोरीला भिंग?"

"आधी मुंग्या बघेल. मग नकाशे. म्हातारपणी पेपर वाचेल. एकदाच दिलं की जन्माचं काम झालं."

ती त्यातून बराच वेळ आपल्याच हातावरच्या रेषा बघत राहिली.

शनिवारी सकाळी तो बाबांना म्हणाला, "फादरनी माझा बाप्तिस्म्याचा दाखला मागितलाय. घेऊन येतो."

बाबांचा हात थांबला. "दाखला कशाला? मी बोलतो फादरशी."

"नियम आहे. धर्मपित्याला लागतो. मी लग्न केलं असतं तर तेव्हाच लागला असता."

"मग मी येतो बरोबर."

"गुडघे बघा तुमचे. दहा मिनिटांचं काम आहे."

बाबा त्याच्याकडे बघत राहिले. "जेवून जा."

"आल्यावर जेवतो."

"मी थांबतो जेवायचा," बाबा म्हणाले. "ये मात्र."

चर्चच्या कार्यालयातल्या बाई जुन्या रजिस्टरवरून पट्टी सरकवत होत्या. त्यांचा चष्मा सारखा नाकावर घसरत होता. त्यानं तो मागून घेतला, खिशातल्या बारीक स्क्रूड्रायव्हरनं दांडी घट्ट केली आणि परत दिला.

"अगंबाई! किती झाले?"

"दाखला द्या, फिटलं."

बाई हसल्या आणि पुन्हा पट्टी सरकवू लागल्या. एका ओळीवर त्या थांबल्या. "ही तारीख जुळते. नावही हेच. वडील काय करायचे म्हणालात?"

"सलून होतं त्यांचं."

"इथे तर ट्रकचालक लिहिलंय."

"ते माझे धर्मपिता. तुम्ही शेजारचा रकाना वाचताय."

बाईंनी पुन्हा एकदा बघितलं. मग रजिस्टर त्याच्याकडे फिरवलं.

वडिलांच्या रकान्यात काकांचं नाव होतं. आईच्या रकान्यात त्यानं कधीच न ऐकलेलं एक नाव, आणि त्यापुढे 'मयत' असा शेरा. धर्मपित्याच्या रकान्यात बाबांची सही होती.