शोभेचं विमान

“हे उडतं का?” बाईंनी छताकडे बोट दाखवून विचारलं.

डॉक्टरांच्या घशात बिस्किट अडकलं. ताईंचा कप बशीवर आपटला. गेला अर्धा तास, भावासाठी स्थळ म्हणून आलेल्या बाईंची ताईंनी चालवलेली उलटतपासणी छान रंगली होती. पहिलं लग्न का मोडलं, पित्ताचा त्रास आहे का, घोरता का, इथपर्यंत गाडी आली होती आणि बाई न लाजता उत्तरं देत होत्या. “घोरते. शेजारचेही तक्रार करतात.” प्रश्न त्यांच्याकडून येईल अशी कोणाला कल्पना नव्हती.

छताच्या हुकाला दोऱ्याने एक विमान टांगलेलं होतं. बांबूच्या बारीक काड्या, त्यांवर ताणून चिकटवलेला पातळ कागद, नाकावर लाकडी पंखा आणि पंख्यापासून शेपटीपर्यंत गेलेलं रबर.

“शोभेचं आहे ते,” ताई म्हणाल्या.

“म्हणजे उडत नाही.”

“उडतं की!” डॉक्टरांना लागलं. “म्हणजे, उडेल. बाबांनी उडायलाच बनवलंय.”

“मग शेवटचं कधी उडवलंत?”

ताईंनी बिस्किटांची बशी पुढे सरकवली.

डॉक्टर भूल देणारे होते. याला सुई लागत नाही, दोन वाक्यं बोलला की पेशंट घोरायला लागतो, असं हॉस्पिटलात म्हणायचे. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. घर ताई चालवत. ताई हेडमास्तरीण म्हणून निवृत्त झाल्या होत्या, पण ते फक्त शाळेपुरतं. भावाचं पुन्हा जमावं असं त्यांना मनापासून वाटे आणि आलेल्या प्रत्येक बाईला त्या तितक्याच मनापासून नापास करत. एक मोठ्याने हसली म्हणून गेली. दुसरी अजिबात हसली नाही म्हणून. या तिसऱ्या बाई मोटार चालवायला शिकवत. घटस्फोटित होत्या आणि तसं सांगताना आवाज खाली आणत नव्हत्या.

विमान वडिलांनी बनवलं होतं. ते नकाशे काढायचे, हात स्थिर होता. गल्लीतली बाकीची पोरं पुठ्ठ्याची ग्लायडर गलोलीने सोडायची. डॉक्टर तेव्हा लोकांची ग्लायडर छपरांवरून आणून देण्यात तरबेज होते, कारण उडवायला त्यांच्याकडे काही नव्हतं. मग एकदा हे खरंखुरं, रबराचं विमान तयार झालं. वडिलांनी ते थेट छताला टांगलं. “आत्ता मोडाल. मोठे झालात की उडवा.” पुढे मुलांचे केस पांढरे झाले, पण मुलं मोठी झाल्याचं जाहीर न करताच वडील गेले. त्यांच्यामागे ताईच रोज मऊ ब्रशने त्यावरची धूळ काढत. दुसऱ्या कोणाला हात लावू देत नसत.

“मोडेल ना ते!” दोघं एकदमच म्हणाले.

“गाडीला ओरखडा पडेल म्हणून ती बाहेर न काढणारे लोक माझ्याकडे रोज येतात,” बाई म्हणाल्या. “त्यांना मी पहिल्याच दिवशी भर चौकात नेते.” आणि चपला काढून त्या सरळ खुर्चीवर चढल्या.

“अहो, खाली उतरा!” ताई किंचाळल्या.

विमान खाली आलं. रबराला बोट लागताच त्याचा भुगा झाला. ताईंना जरा हायसं वाटलं. पण वर्तमानपत्राच्या गुंडाळ्यांची रबरं ताईंनीच ड्रॉवरमध्ये साठवली होती, आणि भावाला ती जागा ठाऊक होती. फितुरी घरातूनच झाली. बाईंनी रबरात रबर अडकवून लांब माळ केली आणि विमानाच्या दोन्ही टोकांच्या आकड्यांत बसवली.

“फिरवा,” त्या डॉक्टरांना म्हणाल्या.

डॉक्टरांनी बोटाने पंखा फिरवायला सुरुवात केली. रबराला पीळ बसला, मग पिळावर गाठी चढल्या. त्यांच्या कपाळावर घाम आला. ऑपरेशन थिएटरमध्ये कधी येत नसे.

“पुरे! तुटेल!” ताई म्हणाल्या.

डॉक्टर गॅलरीत गेले. त्यांनी एकदा बहिणीकडे पाहिलं, आणि सोडलं.

विमान दगडासारखं खाली गेलं. ताईंनी डोळे मिटले. उघडले तेव्हा ते समोरच्या लाँड्रीच्या पाटीशेजारून वर चढत होतं. फर्रर्र आवाज करत त्याने एक ऐसपैस वळसा घेतला, विजेच्या तारा चुकवल्या, एका स्कूटरवाल्याला करकचून ब्रेक मारायला लावला आणि गॅरेजच्या पत्र्यावर जाऊन आपटलं.

डॉक्टर नुसत्या मोज्यांवर जिना उतरले. बाई त्यांच्यामागे अनवाणीच धावल्या.

ताई एकट्या उरल्या. छताच्या हुकाला नुसता दोरा लोंबत होता. त्यांनी फोन उचलून हे स्थळ सुचवणाऱ्या मावशींना लावला. “मावशी, हे काही जमायचं नाही. तुमच्या या बाईंनी आमच्या बाबांचं विमान...”

खालून कोणीतरी खदाखदा हसलं. आवाज पुरुषाचा होता, पण ओळखीचा वाटेना. ताई फोन कानाला लावूनच गॅलरीत आल्या. गॅरेजसमोरच्या पिंपावर त्यांचा भाऊ उभा होता. पँट गुडघ्यावर फाटली होती, हातात विमान होतं आणि हसू त्याचंच होतं. बाईंनी पिंप धरून ठेवलं होतं.

“ताई, शेपटी मोडली गं!” तो ओरडला.

“चिकटपट्टीने बसेल!” बाई म्हणाल्या. “आता मी सोडते, द्या इकडे.”

“खबरदार!” ताईंचा हेडमास्तरणीचा आवाज गल्लीभर घुमला. लाँड्रीवाल्याची इस्त्री थांबली. डॉक्टरांनी पटकन विमान पाठीमागे लपवलं.

ताईंनी फोन बंद केला.

“गुपचूप वर आणा ते. आधी माझी पाळी. मी थोरली आहे.”