अंगठ्याएवढा तुकडा

“मार,” ताई बॉनेटखालून म्हणाल्या.

छोट्याने किल्ली फिरवली. सेल्फ कण्हला, इंजिन गरगर फिरलं, पण पेटलं नाही.

“पुरे.”

छोट्या हा ताईंचा धाकटा भाऊ. वय वर्षं एकसष्ट. दोनच सीटांच्या, टप नसलेल्या त्या बुटक्या लाल गाडीत तो गुडघे हनुवटीशी घेऊन बसला होता आणि दर दोन मिनिटांनी घड्याळ बघत होता. सव्वातीन. चार वाजता गिऱ्हाईक यायचं होतं. बोली साधी होती: चार वाजता गाडी चालू असली तर ताईंची, नसली तर गिऱ्हाइकाची. शब्द ताईंनीच दिला होता, आणि दिलेला शब्द त्या गिळणाऱ्यांतल्या नव्हत्या.

“जाऊ दे ना, ताई. पंचेचाळीस वर्षं चालली बिचारी. आता तिचंही वय झालं.”

“तिचंही म्हणजे? आणखी कुणाचं झालं?”

छोट्याने पुन्हा घड्याळ पाहिलं.

आठ दिवस ताई या गाडीला चिकटून होत्या. प्लग घ्यायला गेल्या तेव्हा दुकानदाराने चकचकीत डबी पुढे केली. ताईंनी त्याला शिडीवर चढवून मागच्या फळीवरचे धूळ खात पडलेले काढायला लावले. “मिरवायचे नाहीत, पेटवायचेत.” वीज जोडणारे-तोडणारे पॉइंट नवे घातले. त्यांच्यातली फट पातळ पात्याने मोजली, पुन्हा मोजली. दोन्ही कार्बोरेटर सोडून धुतले आणि रबराची नळी कानाला लावून दोघांचा श्वास सारखा केला. काल संध्याकाळी इंजिन असं काही ठेक्यात लागलं की ताईंनी बॉनेट मिटून वर पाण्याचा पेला ठेवून पाहिला. पेला जागचा सरकला नाही. आज सकाळी त्या फॅनबेल्ट आणायला म्हणून तासभर बाहेर गेल्या. परत आल्यापासून गाडी मुकी.

ताईंनी कॉइलची तार लोखंडाजवळ धरली. “मार.” निळी ठिणगी कडाडली. मग प्लगची तार धरली. “मार.” काही नाही. म्हणजे वीज घरून निघत होती आणि वाटेत हरवत होती. वाटेत होतं ते फक्त डिस्ट्रिब्युटरचं टोपण. ताईंनी त्याच्या चिमट्या सोडल्या.

आत रोटर नव्हता. अंगठ्याएवढा तुकडा, गोल फिरत चारही प्लगना पाळीपाळीने वीज वाढणारा. तोच नव्हता.

ताईंनी फडक्याला हात पुसले, एकेक बोट वेगळं.

“छोट्या, पार्ट झिजतो, जळतो, तुटतो. स्वतःच्या पायांनी चालत जात नाही.”

छोट्याचा हात खिशाकडे गेला आणि अर्ध्यातून परत आला.

“तूच शिकवलंस,” तो पुटपुटला. “मी एकोणीसचा होतो. मी पिऊन गाडी नेऊ नये म्हणून आठ दिवस रोटर काढून ठेवला होतास.”

“ठेवला होता. आणि काढल्या काढल्या तुझ्या तोंडावर सांगितलं होतं, रोटर माझ्या खिशात आहे, धमक असेल तर घे. अर्धीच विद्या शिकलास तू.”

छोट्याने रोटर काढून पुढे केला. “घे.”

“राहू दे तुझ्याकडेच.”

ताईंनी फळीवरचा बिस्किटांचा डबा उघडला. त्यात दोन रोटर होते. एक नवा, अजून पिशवीतला. दुसरा जुना, तपकिरी, पितळेचं टोक काळवंडलेला. नव्याची पट्टी नखाने दाबली तर हलली. तो डब्यात परत गेला. जुन्याचं टोक ताईंनी पॉलिश पेपरने हळूहळू घासलं, पिवळं दिसेपर्यंत. रोटर बसवला, टोपण लावलं, बॉनेट मिटलं.

“उतर.”

ताई स्वतः बसल्या. इंजिनाने पहिल्याच हाकेला ओ दिली. चारही सिलिंडर एका तालात बोलू लागले. घड्याळात पावणेचार.

“मला थांबवायचं असेल ना,” ताईंनी इंजिनावर आवाज चढवला, “तर पाठीमागून नाही. समोर उभा राहा आणि सांग!”

छोट्या खरंच गेला. गॅरेजच्या दारात, गाडीपुढे, पाय फाकवून उभा राहिला. ताईंनी पहिला गिअर टाकला. गाडी इंच इंच पुढे आली. बंपर त्याच्या नडगीला टेकला. तो हलला नाही.

“सांग!”

“गेल्या महिन्यात फाटकाला घासलीस!” छोट्या ओरडला. “पुढच्या खेपेला फाटक नसेल, ट्रक असेल! मला भीती वाटते, ताई. तू सोडून मला आहे कोण?”

ताईंनी क्लच दाबून धरला.

“हे आठ दिवसांपूर्वी का नाही बोललास?”

“बोललो असतो तर विकली असतीस?”

“छे! आरसे मोठे बसवून घेतले असते.”

त्यांनी वाकून पलीकडचं दार ढकललं. छोट्या आला, गुडघे हनुवटीशी घेऊन बसला. रोटर अजून मुठीतच होता.

“डावीकडे लक्ष ठेव,” ताई म्हणाल्या. “तिकडचं मला कमी दिसतं. बघ, सांगितलं तोंडावर.”

गल्लीच्या तोंडाशी गिऱ्हाईक उभं होतं, गाडी ओढून न्यायला जाडजूड दोर खांद्यावर टाकून. ताईंनी हॉर्न दिला. त्याने गाडीकडे पाहिलं, मग खांद्यावरच्या दोराकडे, आणि भिंतीला पाठ लावून वाट दिली.