शेवटच्याला पटेपर्यंत

“संचालक मी आहे की तुम्ही, एवढं तरी आज ठरवून टाकू,” दिव्या म्हणाली आणि पाण्याचा ग्लास जरा आपटूनच ठेवला.

नाहीदनं सांडलेलं पाणी ओढणीच्या टोकानं पुसलं. “संचालक तूच आहेस, पोरी. मी नुसती अध्यक्ष. पण मले पटत नाई, त्याले मी काय करू?”

गडचिरोलीबाहेर एका बंद पडलेल्या राइस मिलमध्ये हे संग्रहालय होतं. नाहीद आणि तिचा नवरा अकरम यांनी उभं केलेलं, आजच्या, हयात कलावंतांच्या कामांचं. गंजक्या पत्र्याचे प्राणी, कोळशानं काढलेले खाणकामगारांचे चेहरे, सागाच्या ओंडक्यात कोरलेली मोटारसायकल. अकरम गेल्यापासून मिलमागच्या दोन खोल्यांत नाहीद एकटी राहायची. मुलगा दानिश हैदराबादला. त्याचा फोन यायचा, आणि आवाज कटतोय हे तोच आधी सांगायचा.

दिव्या बडोद्याला कला शिकून आलेली चंद्रपूरची मुलगी. नाहीदनंच तिला संचालक नेमलं होतं, आणि तिनं पहिल्याच बैठकीत सगळं उलटंपालटं केलं. लोक संग्रहालयाकडे येत नाहीत, तर संग्रहालयानं लोकांकडे जावं. इमारत सोडायची, कामं टेम्पोत घालायची, आणि आठवडी बाजारांतून, गावागावांतून मांडत फिरायचं.

“इथी येते कोण?” ती म्हणाली होती. “सहलीची पोरं. तीही बाथरूमसाठी.”

दुसरीकडे हा प्रश्न हात वर करून एका दुपारी मिटला असता. पण संग्रहालयाचा ट्रस्ट झाला तेव्हाच वारलूभाऊंनी आपल्या गावच्या रीतीची अट घातली होती. ते कुरखेड्याकडचे, लाकूड कोरणारे. त्यांच्या गावात मतं मोजत नाहीत. शेवटच्या माणसाला पटेपर्यंत बसतात. नाही पटलं तर जेवून उठतात आणि पुन्हा बसतात. गावात हरलेला माणूस राहू नये, एवढंच त्यामागचं शहाणपण.

त्यामुळे पोळ्यापासून होळीपर्यंत चौघं दर रविवारी बसत होते. वारलूभाऊ एसटीनं यायचे. गफ्फारभाई, पत्र्याचे प्राणी जोडणारे, बल्लारपूरहून मोटारसायकलवर. त्या दोघांना दिव्याचं म्हणणं केव्हाच पटलं होतं.

राहिली होती नाहीद.

तिनं आधी रस्त्यांचं काढलं. खड्ड्यांत मातीची कामं फुटतील. दिव्यानं खोक्यात धानाचं वाळलेलं तणस भरून एक मातीची म्हैस कुरखेड्याला नेली आणि शिंगसुद्धा न दुखवता परत आणली. मग नाहीदनं उन्हाचं काढलं, मग वाळवीचं. दिव्या प्रत्येक वेळी तोड घेऊन आली.

“म्हैस गेली, ठीक आहे,” नाहीद म्हणायची. “सागाच्या मोटारसायकलचं काय?”

भांडण कितीही चढलं तरी जेवण तिच्याकडेच. मोठ्या पातेल्यात डाळ-मटणाचा दालचा, सोबत भात. दिव्या मटण खात नाही म्हणून तिला वेगळी वांग्याची भाजी.

“आपा, तुमच्या हाताले चव आहे म्हणून चालून राह्यलं,” गफ्फारभाई बोटं चाटत म्हणायचे. “नाईतर या पोरीनं कधीच राजीनामा फेकला असता.”

“अजून फेकू शकते,” दिव्या भाजी वाढून घेत म्हणायची.

सोमवारी नाहीद दालनं उघडायची, दिवे लावायची, एक चक्कर मारून दिवे बंद करायची. मधल्या दिवसांत कोणी आलंच तर पेट्रोल पंप कुठी आहे ते विचारायला. शनिवारी ती बाजारात जायची. भाजीवाली रुखमाबाई विचारायची, “पाहुणे येऊन राह्यले वाटते?”

“कायचे पाहुणे. भांडायले येतात,” नाहीद म्हणायची आणि एकेक वांगं दाबून पाहायची.

आज मात्र दिव्या भांडली नाही. ग्लास आपटला तेवढाच. नाहीदनं पावसाचं काढलं, ताडपत्री गळते म्हणून, तेव्हा ती नुसती ऐकत राहिली. मग उठून बाहेर गेली, बराच वेळ फाटकाशी उभी राहिली आणि परत आली.

“मी प्रस्ताव मागे घेते,” ती म्हणाली. “संग्रहालय इथंच राहू दे, नाहीदबाई म्हणतात तसं. मला चंद्रपूरच्या एका शाळेत नोकरी मिळतेय. इथलं काम तुम्हीच बघा.”

मागच्या खोलीत दालच्याला उकळी फुटल्याचा आवाज येत होता.

“मले पटते,” वारलूभाऊ शेवटी म्हणाले. “पोरगी थकली. बाईचं घर आहे ते, राहू द्या.”

“मलेबी पटते,” गफ्फारभाई गुडघे चोळत म्हणाले. “एवढ्या लांबून गाडी हाणून कंबर गेली. आता काही असलं तं फोनवर बोलू, आपा.”

दिव्यानं पिशवी खांद्याला लावली. “जिंकलात तुम्ही,” ती नाहीदला म्हणाली. आवाजात राग नव्हता. “जेवायला थांबत नाही, आज लवकर निघते.”

“थांब वं पोरी, रीत पुरी होऊ दे,” वारलूभाऊंनी हात वर केला. मग नाहीदकडे वळले. “तुमचंच म्हणणं आहे बाई, तरी विचारा लागते. संग्रहालय इथीच राह्यते. पटते ना?”

नाहीदनं एकेकाकडे पाहिलं. गफ्फारभाईंनी गाडीची चावी हातात घेतली होती.

“मले नाई पटत,” ती म्हणाली. “इमारत सोडावी, असं माझं मत आहे. बसू पुढच्या रविवारी.”