खिळ्यावरचा बिल्ला

"दे तुझा बिल्ला. तू हो पुढे, मी दोन्ही लावून येतो," नवरा म्हणाला.

ती पुढे झाली. पाणथळीवरून जाणारी लाकडी फळ्यांची वाट फाटकापासूनच सुरू होत होती. दोन्ही बाजूंना दाट गवत आणि त्यात वसंतातली फुलं, पिवळी, पांढरी, मध्येच जांभळी. खाली पाणी आहे याचा विसर पडावा इतकी.

फाटकावरच्या म्हाताऱ्या राखणदारानं दोघांना पत्र्याचा एकेक गोल बिल्ला दिला होता. "जाताना फाटकाजवळच्या खिळ्यांवर लावायचा, येताना काढून मला द्यायचा. संध्याकाळी खिळ्यावर राहिला, की आम्ही शोधायला निघतो. वळणावळणावर बांबू टांगलेत, कुणी पडलं तर पुढे करायचा. जोडीनं चाललाय, जोडीनं या."

मागे टिण् असा आवाज झाला, पत्र्यावर पत्रा आपटल्याचा. तिनं वळून पाहिलं. इतक्या सकाळी दुसरं कुणीच आलेलं नव्हतं. खिळ्यांची अख्खी रांग रिकामी होती. एका खिळ्यावर तेवढा एक बिल्ला लोंबत होता.

एकच.

"लावले दोन्ही?" तिनं विचारलं.

"लावले की."

मन चिंती ते वैरी न चिंती, असं तिची आई म्हणायची, आणि लेकीकडे बघूनच म्हणायची. शिवणयंत्रावर लेकीचे पाय चालत राहायचे आणि डोक्यात नाही नाही ते शिवलं जायचं. पण या वेळी कारण होतं. गेल्या आठवड्यात तिनं त्याला सांगितलं होतं, मला वेगळं राहायचंय. तो हातातल्या किल्लीवर कानस घासत राहिला. काल रात्री जेवताना एवढंच म्हणाला, "शेवटचं एकदा माझ्याबरोबर चल. फुलं बघायला."

फुलं! लग्न झाल्यापासून फुलकोबी सोडून कुठल्या फुलाकडे न पाहिलेला माणूस.

आता तो मागून येत होता. त्याच्या पावलांनी फळ्या दबत आणि तिच्या पायाखाली हलत. त्याच्या खिशात काहीतरी खुळखुळत होतं. किल्ल्या बनवणाऱ्याचा खिसा, तो खुळखुळायचाच. पण आज तिला त्यात पत्र्याचा आवाज ऐकू येऊ लागला. तिचा बिल्ला तिथं होता. खिळ्यावर नसलेल्या बाईला शोधायला कोण निघणार?

"तुला पोहता येत नाही, ना?" त्यानं विचारलं.

"तुम्हाला तरी कुठे येतं?"

"म्हणून म्हणतो, कडेनं नको चालूस."

चांगलं बोलून गळा कापणारे असतातच, ती मनात म्हणाली. मागे फिरावं तर वाट एका माणसापुरती, आणि वाटेत तो उभा. ती चालत राहिली. फाटक गवताआड गेलं. पाखरांचा आवाज सोडला तर कुठे चिटपाखरू नव्हतं, असं म्हणायची तिला एरवी गंमत वाटली असती. आज नुसती भीती वाटत होती.

एका वळणावर कठडा मोडला होता. तिथं गवताची तरंगती गादी फळ्यांना येऊन भिडली होती आणि तिच्यावर पिवळ्या फुलांचा खच होता. पाटी होती: खाली उतरू नये, पाणी खोल आहे. शेजारी बांबू टांगलेला.

"ते पलीकडचं जांभळं बघ," तो म्हणाला. वळणावर फळ्या जरा रुंद होत्या, तिच्या बाजूनं पुढे होत तो कडेला गेला. "तुझ्या त्या साडीचा रंग. काढतो तुला एक. हात दे जरा."

त्यानं न बघताच हात मागे केला. मोठा, कानशीनं खरखरीत झालेला हात. एक हिसका दिला की संपलं, तिला वाटलं. तिनं दोन्ही हात पाठीमागे नेले.

"अगं, धर ना."

तो वाकला होता. हात हवेतच राहिला आणि त्याचा तोल गेला. गवताची गादी क्षणभर त्याला पेलतेय असं वाटलं, मग ती फाटली.

"हात दे! अगं, हात दे!"

ती बांबूकडे वळली. बांबू तिच्या हातात आलाही होता. पण बांबूच्या दुसऱ्या टोकाला तो असणार होता, ओढणारा. तिनं बांबू सोडून दिला आणि डोळे गच्च मिटले. उघडले तेव्हा फुलं पुन्हा जवळ आली होती आणि त्यांच्यामधून बुडबुडे येत होते. थोड्या वेळानं तेही थांबले.

फाटकापर्यंत ती कशी आली, ते तिचं तिला कळलं नाही. पण ती जिवंत होती. मी वाचले, मी वाचले, एवढंच ती मनात म्हणत होती.

राखणदार चहा पीत बसला होता. "एकट्याच? दादा कुठे राहिले?"

"येताहेत मागून," ती म्हणाली. मग तिला राहवलं नाही. "माझा बिल्ला त्यांनी लावलाच नव्हता. बघा ना. एकच आहे."

"काहीतरीच काय ताई." म्हातारा हसत उठला. त्यानं खिळ्यावरचा बिल्ला बोटानं बाजूला सरकवला. त्याच्या मागे दुसरा होता. "जोडप्यांचे बिल्ले एकाच खिळ्यावर लावतो आम्ही, एकावर एक. रीतच आहे इथली. मीच सांगितलं दादांना."

त्यानं मागचा बिल्ला काढून तिच्या तळहातावर ठेवला.

"तुमचा मुद्दाम आत लावला त्यांनी. म्हणाले, वाऱ्यानं तिचा पडला, तर तिला कुणी शोधायला जाणार नाही."