राजा नको म्हणू

“ये माझ्या राजा,” आजी म्हणाली, तशी शाळेतून आलेली नात किंचाळली, “मला राजा नको म्हणू!” पहिलं थालीपीठ नेहमीसारखं आजोबांसाठी झाकून ठेवून आजीनं दुसरं तव्यावर टाकलं. “अगं, लाडानं म्हणते.” “पण राजा कोणालाच विचारत नव्हता. तो बोलेल तेच लॉ! मग लोकांनी त्याचा डोका कापला. मिसनं हिस्टरीत सांगितलं.” आजी चक्रावली. लंडनमधल्या हॅरोत आल्यापासून तिला निम्म्या गोष्टी कळत नसत, पण हे भलतंच. कोणाला विचारलं नाही म्हणून पुरुषमाणसाची मान उडवतात? तेवढ्यात हॉलमधून आजोबा ओरडले, “अगं, बॅगा भर. तिकिटं बदललीत, परवाच भारतात परत निघायचं.” आजी सवयीनं निघाली. नातीनं पदर धरला. “आजी, आजोबांचा पण डोका?” “नाही गं रा...” जीभ अडखळली. आजोबांसाठी झाकलेलं थालीपीठ आजीनं कधी मोडून खाल्लं, तिचं तिलाच कळलं नाही.