पीळ

काँक्रीटची बादली स्लॅबच्या सळ्यांवर टेकायच्या बेतात होती, तेवढ्यात वर क्रेन चालवणाऱ्या सुशांत परबच्या पोटात पहिला पीळ पडला.

बादली रिकामी होईपर्यंत तो हलला नाही. ती खाली सोडली, मग खिशातली गोळ्यांची पट्टी काढून एक गोळी पाण्याविनाच गिळली. सकाळची एक झालीच होती. आवळलेली आतडी ती सैल करते, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. एरवी करायचीही. आज पोट तिला दाद देत नव्हतं.

क्रेनची केबिन घाटकोपरच्या त्या अर्धवट टॉवरच्याही वर होती. देवनारच्या कचऱ्याच्या डोंगरावरच्या घारी काचेबाहेर त्याच्या नजरेच्या पातळीत फिरत होत्या. खाली जायचं म्हणजे क्रेनच्या खांबाच्या आतल्या लोखंडी शिड्या, एकीखाली एक. लघवीसाठी केबिनमध्ये बाटली होती. याला बाटली काय कामाची?

"परब, बादली भरली. उचल," वॉकीटॉकीवर साइट इंजिनीअर प्रबुद्धचा आवाज आला.

"साहेब, मी जरा खाली जाऊन येतो."

"आत्ता? वेडा झालास काय? अर्धा स्लॅब पडलाय. मध्येच थांबलो तर जुन्या-नव्या काँक्रीटमध्ये सांधा राहील. काँक्रीटच्या गाड्या रांगेत उभ्या आहेत खाली. कशाला जायचंय?"

सुशांतने बटण दाबलं आणि सोडलं. त्या चॅनेलवर सगळेच असत. खाली बादली अडकवणारा लहू, स्लॅबवरचा मुकादम, स्टोअरवाला, गेटवरचा वॉचमन.

"असंच. काम होतं."

"असंच असेल तर नंतर जा. उचल."

त्याने उचलली. सांगणार तरी काय? सोनोग्राफी झाली, दुर्बिणीने आतडं बघून झालं, सगळं नॉर्मल. नॉर्मल हा शब्द ऐकला की त्याचं डोकं फिरायचं. "रिपोर्ट चांगले आलेत, मग दुखतं कसं?" बायको मीरा विचारायची. आई ओवा हातावर ठेवून म्हणायची, "झिला, तू इचारच जास्ती करतंस." मित्र म्हणायचे, टेन्शन घेऊ नको यार. जसं काही तो पिशवी घेऊन टेन्शन आणायलाच बाजारात जात होता.

बादली अधांतरी असताना दुसरी कळ आली. ही साधी नव्हती. कपाळावर घाम फुटला, मांड्या आपोआप आवळल्या, क्रेनच्या दांड्यावरचा हात थरथरला. तिकडे दोराच्या टोकाला भरलेल्या बादलीने हेलकावा घेतला. स्लॅबवरची माणसं वर बघत मागे पळाली.

"परब! बादली झुलतेय! काय चाललंय?"

ती स्थिर होईपर्यंत सुशांतने श्वास रोखून धरला. मग बटण दाबलं.

"साहेब, पोटात कळ आलीय. मला संडासला जायचंय. आत्ता."

चॅनेलवर कुणीतरी फिदीफिदी हसलं. दुसऱ्या कुणीतरी तोंडाने आवाज काढला.

"अरे, सकाळी उरकून येत जा ना," प्रबुद्ध म्हणाला. हसू त्याच्याही आवाजात होतं. "ही बादली आणि पुढची. तेवढं दाबून धर."

सुशांतची कानशिलं तापली.

"दाबून धरायला नळ आहे काय तो?" तो ओरडला. "आजार आहे मला. आजचा नाही, कितीतरी वर्षांचा. आतडी पिळवटून निघतात. उपाशी येतो कामावर, गोळी घेतो, तेव्हा कुठे या खुर्चीत बसता येतं. आज गोळी लागू पडत नाहीये. माझा हात थरथरतोय आणि बादलीखाली तुमची माणसं आहेत. आता हसा!"

दात खाऊन त्याने बादली मोकळ्या जागेत उतरवली, क्रेन बंद केली आणि शिडीवर पाय ठेवला. मागे वॉकीटॉकी काहीतरी बोलत राहिला. दर कळेसरशी त्याला शिडी घट्ट धरून थांबावं लागत होतं. खाली पोचला तेव्हा लहू संडासच्या दाराशी पाण्याचं डबडं घेऊन उभा होता. त्याने ते पुढे केलं.

बाहेर आल्यावर प्रबुद्धने त्याला अडवलं. आता तो हसत नव्हता.

"हे आधी का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर क्रेनवर बसवलं असतं तुम्ही?"

प्रबुद्धने घड्याळाकडे बघितलं. "आजचा स्लॅब पुरा कर," तो म्हणाला. "उद्या सकाळी ऑफिसात ये. वर जाऊ नकोस त्याआधी."

सुशांत पुन्हा वर चढला. उद्या काय होणार ते त्याला ठाऊक होतं. इतकी वर्षं जिवापाड लपवलेली गोष्ट त्याने आपल्याच तोंडाने साऱ्या साइटला ऐकवली होती. पोट आता शांत होतं. मघाशीच असं शांत झालं असतं तर काय बिघडलं असतं! त्याने संतापाने खुर्चीच्या हातावर मूठ आपटली आणि बादली उचलली.

शेवटच्या बादलीच्या आधी वॉकीटॉकी खरखरला.

"परबदादा..." आवाज दबका होता. कुणाचा, ते कळेना.

"कोण?"

आवाज आणखी खाली आला. "दादा, ती गोळी जेवणाआधी घ्यायची की नंतर?"

सुशांत कुणीतरी हसण्याची वाट बघत राहिला. हसलं कुणीच नाही. त्याने बटण दाबलं.

"आधी," तो म्हणाला. "आणि इथे विचारू नकोस रे. सगळे ऐकतायत."