चौथा अर्ज

दलालाने दाखवलेल्या पहिल्या भाड्याच्या घरात सोफा, पलंग, पडदे, सगळं तयार होतं. मला तेच आवडलं. बायको मात्र पर्स मांडीवर घेऊन सोफ्याच्या कडेला टेकली आणि पाहुणीसारखी म्हणाली, "निघू या का आता?"

तीस वर्षं आम्ही सरकारी क्वार्टरमध्ये काढली. प्रत्येक खुर्चीवर खात्याचा पांढरा नंबर. झोपाळ्याच्या कड्यांसाठी तिने तीनदा अर्ज केला. तिन्ही वेळा नामंजूर.

दुसरं घर रिकामं होतं. फरशीवर उन्हाचा चौकोन पडला होता. पर्स उशाला घेऊन ती त्यात आडवी झाली आणि बघता बघता तिचा डोळा लागला. झोपेतच तिच्या पायाने फरशीला हलकासा रेटा दिला, झोपाळ्यावर देतात तसा.

"मालकांना फोन लावा," मी दलालाला हळूच म्हणालो. "कड्यांचा चौथा अर्ज मी करणार आहे."